ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल : निवड आणि बदल

भारतात ऑटोमॅटिक मोटार ही दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरती मर्यादित राहिलेली सोय होती. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ या लहान मोटारीत क्लच पेडलविना गिअर बदलण्याची व्यवस्था आणली आणि त्यानंतर मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील खोळंबत चालणाऱ्या वाहतुकीला कंटाळलेल्या सर्वसाधारण ग्राहकानेही ऑटोमॅटिक गाडीचा विचार सुरू केला. इंजिनचे ऑइल ठरावीक अंतराने बदलायचे असते, हे अशा प्रत्येक वाहनमालकाला ठाऊक असते. गिअरबॉक्समधील ऑइलची आठवण मात्र बहुधा गाडी झटके देऊ लागल्यावर होते. या ऑइलला ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड किंवा संक्षेपाने एटीएफ म्हणतात. ते गिअरबॉक्सचा एक सुटा भागच मानले पाहिजे. ज्याप्रमाणे एका गाडीची क्लच प्लेट दुसऱ्या गाडीला केवळ आकार जवळपासचा आहे म्हणून बसवली जात नाही, त्याप्रमाणे एटीएफही रंग, किंमत किंवा दुकानदाराचा शब्द यांच्या भरवशावर निवडता येत नाही.

ऑइल नेमके काय करते

पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो. त्यात इंजिनच्या बाजूला फिरणारी पाती ऑइल ढकलतात, त्या ऑइलच्या लोटाने गिअरच्या बाजूची पाती फिरू लागतात आणि अशा रीतीने इंजिनची शक्ती ऑइलमार्फत पुढे पोहोचते. गिअर बदलण्याचे कामही ऑइलच करते, कारण पंपाने दाबाखाली पाठवलेले ऑइल व्हॉल्व्हच्या नागमोडी वाटांतून जाऊन योग्य त्या वेळी योग्य तो क्लच आवळते किंवा सैल सोडते. याखेरीज बेअरिंग व दातेरी चक्रे यांना वंगण पुरवणे, निर्माण झालेली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणे आणि झिजेतून सुटलेले कण स्वतःत धरून ठेवणे, ही कामेही त्याच्याकडे असतात.

या कामांत एक मूलभूत विरोध दडलेला आहे. बेअरिंग व चक्रांना घर्षण जितके कमी तितके हवे असते. परंतु गिअरबॉक्समधील क्लच, म्हणजे पोलादी चकत्या आणि घर्षक अस्तर लावलेल्या चकत्या यांची आळीपाळीने रचलेली चळत, याच ऑइलात भिजलेली असते आणि तिला एकमेकींना घट्ट धरण्यासाठी घर्षणाचीच गरज असते. पकड अचानक बसली तर झटका जाणवतो, उशिरा बसली तर चकत्या घसरून जळतात. हा तोल साधण्यासाठी मूळ तेलात घर्षण-नियंत्रक रसायने मिसळलेली असतात आणि त्यांचे प्रमाण त्या गिअरबॉक्सच्या अस्तराचा पदार्थ, दाब व संगणकीय नियंत्रण यांना अनुसरून ठरवलेले असते. ऑक्सिडेशन रोखणारी, फेस मोडणारी, झीज टाळणारी आणि रबरी सील मऊ ठेवणारी इतर रसायनेही त्यात असतात. ऑइल जुने होते म्हणजे मुख्यतः ही रसायने खर्ची पडतात. डब्यातील पातळी पूर्ण असूनही ऑइल निकामी झालेले असू शकते, ते यामुळेच.

आधी गिअरबॉक्सचा प्रकार ओळखावा

बोलीभाषेत सरसकट ऑटोमॅटिक म्हटल्या जाणाऱ्या गाड्यांत किमान चार भिन्न यंत्रणा आढळतात आणि प्रत्येकीचे ऑइल वेगळे असते. पहिली यंत्रणा वर वर्णिलेल्या टॉर्क कन्व्हर्टरची. टोयोटा इनोव्हा क्रिस्टाचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे तिचे परिचित उदाहरण असून खऱ्या अर्थाने एटीएफ लागते ते याच प्रकाराला. दुसरी सीव्हीटी, जिच्यात दातेरी गिअरांऐवजी रुंदी कमी-जास्त होणाऱ्या दोन पुली व त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा असतो. होंडा सिटीमुळे ती भारतात अनेकांच्या परिचयाची झाली. येथे पोलादावर पोलादाची पकड ऑइलच्या पातळ थरातून टिकवायची असल्याने त्याची रासायनिक घडण निराळी असते, आणि सीव्हीटीत साधे एटीएफ भरल्यास पट्टा घसरून पुलीवर ओरखडे उमटण्याचा धोका असतो. हे नुकसान नंतर योग्य ऑइल भरूनही भरून निघत नाही.

तिसरी यंत्रणा दोन क्लचची, म्हणजे डीसीटी. फोक्सवॅगन समूह तिला डीएसजी म्हणतो. तिच्यात ओला आणि कोरडा असे दोन उपप्रकार आहेत. ओल्या प्रकारात क्लच ऑइलातच बुडालेले असतात, त्यामुळे ऑइल लवकर मळते. फोक्सवॅगन समूहाच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीला दर ६०,००० किलोमीटरला ऑइल बदलण्याची सूचना आहे. कोरड्या प्रकारात क्लच ऑइलाबाहेर असतात आणि गिअरचे ऑइल व नियंत्रण यंत्रणेचे ऑइल स्वतंत्र ठेवलेले असू शकते. चौथी यंत्रणा एएमटी. सेलेरिओत आली ती हीच. प्रत्यक्षात हा साधा हाताने बदलण्याचा गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्रमानवासारखी जोडलेली यंत्रणा करते. तिच्या गिअरबॉक्सला साधे गिअर ऑइल लागते आणि ही जोडयंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिचे ऑइल वेगळ्या टाकीत असते. त्यामुळे एएमटी गाडीत एटीएफ भरण्याचा सल्ला कोणी दिला, तर सल्ला देणाऱ्याने गाडी ओळखलेलीच नाही, असे समजण्यास हरकत नाही.

डब्यावरील नावांचा अर्थ

निवडीचा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा आधार म्हणजे गाडीसोबत मिळालेल्या मालक-पुस्तिकेतील तांत्रिक माहितीचे पान. तेथे ब्रँडपेक्षा महत्त्वाचे असते ते मानक, म्हणजे त्या ऑइलने कोणत्या कसोट्या पार केलेल्या असाव्यात याची निर्मात्याने ठरवलेली यादी. टोयोटाच्या अलीकडच्या बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांना डब्ल्यूएस, होंडाच्या पारंपरिक ऑटोमॅटिकला डीडब्ल्यू-१ व सीव्हीटीला एचसीएफ-२, ह्युंदाई-किआच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-४, निसानच्या सीव्हीटीला एनएस-२ किंवा एनएस-३, अशी ही नावे असतात. एकाच कंपनीची दोन मानके परस्परांना चालतीलच असे नसते. टोयोटाचे जुने टाइप टी-४ आणि नवे डब्ल्यूएस दोन्ही लाल असली तरी एकाच्या जागी दुसरे भरता येत नाही.

मानकांची ही गर्दी कशी झाली, हे त्यांच्या इतिहासावरून समजते. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबाइलच्या १९४० च्या गाड्यांसाठी हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाहीर केला. १९४९ मध्ये तिने टाइप ए हे ऑइलचे मानक ठरवले आणि १९६७ मध्ये डेक्सरॉन हे नाव प्रचारात आणले. त्या काळच्या एटीएफमध्ये घर्षण-नियंत्रक म्हणून स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर रसायनांची नवी घडण शोधावी लागली. पुढे गिअरांची संख्या चारवरून सहा, आठ व दहापर्यंत गेली, इंधनबचतीसाठी ऑइल अधिक पातळ करण्याकडे कल वळला आणि प्रत्येक कंपनीने स्वतःचे मानक पुढे केले.

हा पातळपणा मोजण्याचे एकक सेंटिस्टोक असून १०० अंश सेल्सिअसला आकडा जितका लहान तितके ऑइल पातळ. १९९० च्या दशकातील डेक्सरॉन-३ साधारण ७ ते ७.५ च्या घरात असे, तर २००५ मध्ये आलेल्या डेक्सरॉन-६ ला ६.४ ही कमाल मर्यादा आहे आणि टोयोटाचे डब्ल्यूएस त्याहूनही पातळ आहे. जाड ऑइल म्हणजे अधिक संरक्षण, ही इंजिनच्या बाबतीत रूढ झालेली समजूत येथे उलटते, कारण पातळ ऑइल गृहीत धरून आखलेल्या व्हॉल्व्हच्या बारीक वाटांतून जाड ऑइल उशिरा पोहोचते आणि क्लचची पकडही उशिरा बसते.

बाजारात अनेक गाड्यांना चालणारे बहुउपयोगी एटीएफही मिळते. अशा डब्याच्या मागील बाजूचे शब्द बारकाईने वाचावेत. विशिष्ट मानकाची मान्यता आहे असे छापणे आणि त्या मानकाच्या गाड्यांत वापरण्यास योग्य असे छापणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात गाडीनिर्मात्याने दिलेला परवाना असतो, दुसरा हा ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा असतो. नामांकित कंपनीचा असा दावा अविश्वसनीय असतोच असे नाही आणि मुदत संपलेल्या वॉरंटीच्या जुन्या गाडीत तो पर्याय विचारात घेता येतो. परंतु सीव्हीटी, ओली डीसीटी आणि वॉरंटीतील कोणतीही गाडी यांच्या बाबतीत निर्मात्याच्या नावाचेच ऑइल घ्यावे. तेही अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून, सीलबंद डब्यात आणि पक्क्या बिलावर घ्यावे, कारण नकली ऑइलचा डबा दिसण्यात अस्सल डब्यासारखाच असतो.

केव्हा बदलावे

अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभरासाठी भरलेले असल्याचा उल्लेख आढळतो. हे आयुष्य कोणाचे, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. गाडी वॉरंटीच्या मुदतीत सुखरूप चालावी एवढी निर्मात्याची अपेक्षा असू शकते, तर मालकाला तीच गाडी दहा-पंधरा वर्षे वापरायची असते. बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे यांच्या दरम्यान ऑइल बदलण्याची शिफारस करते. गिअरबॉक्स बनवणाराच असे सांगत असेल, तर आयुष्यभर या शब्दावर विसंबून राहण्यात शहाणपण नाही.

पुस्तिकेत बहुधा दोन वेळापत्रके असतात : एक सर्वसाधारण वापराचे आणि दुसरे कठीण वापराचे. उन्हाळ्यातील ४० अंशांची दुपार, सिग्नलगणिक थांबणारी वाहतूक, भरलेली गाडी घेऊन केलेला कसारा किंवा खंबाटकी घाटाचा चढ, यांपैकी बहुतेक गोष्टी कठीण वापरात मोडतात; म्हणून महाराष्ट्रातील बहुसंख्य गाड्यांनी दुसरे वेळापत्रक आपले मानावे. ऑइलचे नेहमीचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश असते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ठोकताळा लक्षात घेतला, तर घाटात तापलेल्या ऑइलचे आयुष्य का घटते, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुस्तिका मौन बाळगत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीसाठी ६०,००० ते ८०,००० किलोमीटर आणि सीव्हीटीसाठी ४०,००० ते ६०,००० किलोमीटर ही व्यवहार्य मर्यादा धरता येते.

काही लक्षणे दिसल्यास किलोमीटरची वाट पाहू नये. डी किंवा आर मध्ये टाकल्यावर गाडीने ओढ घेण्यास उशीर लावणे, इंजिनचा आवाज वाढूनही वेग न वाढणे, आणि मध्यम वेगाने हलक्या पायाने चालवताना गाडी खडबडीत पट्ट्यांवरून जात असल्यासारखी थरथरणे, ही ती लक्षणे होत. शेवटची थरथर बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लचची असते आणि वेळीच ऑइल बदलल्यास ती कित्येकदा थांबते.

जुन्या ऑइलची परीक्षा

ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडला असता बरीच माहिती मिळते. एटीएफला लाल रंग मुद्दाम दिलेला असतो, जेणेकरून गळती झाल्यास ती इंजिन ऑइलची नाही हे कळावे. सर्व ऑइले लालच असतात असे नाही. रंग तपकिरीकडे झुकणे स्वाभाविक आहे आणि केवळ त्यावरून घाबरण्याचे कारण नाही. काळपट रंगासोबत करपलेला वास येत असेल, तर क्लचचे अस्तर जळाले असण्याची शक्यता असते. ऑइल गुलाबी दुधासारखे गढूळ दिसले, तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. ज्या गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो, तेथे आतील नळी फुटल्यास हे घडते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी अडकल्यास गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून, म्हणजे हवेचा दाब समतोल राखणाऱ्या लहान नळीतून, पाणी आत शिरू शकते. अशी गाडी इंजिन सुरू झाले म्हणून चालवत नेऊ नये, तर आधी गिअरबॉक्सचे ऑइल तपासून घ्यावे, कारण क्लचच्या अस्तराचा गोंद पाण्याने सुटतो.

बदलण्याची रीत

ऑइल बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत ड्रेन बोल्ट उघडून खालच्या चेंबरमधील ऑइल वाहू दिले जाते व तितकेच नवे भरले जाते. टॉर्क कन्व्हर्टर व कूलरमधील ऑइल आतच राहत असल्याने एका वेळी सर्व ऑइल बदलत नाही. एकूण ८ लिटर ऑइल असलेल्या गिअरबॉक्समधून ४ लिटर निघाले, तर एका बदलानंतर निम्मे, दुसऱ्यानंतर तीन चतुर्थांश आणि तिसऱ्यानंतर सुमारे ८७ टक्के ऑइल नवे होते. म्हणूनच काही हजार किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा बदल करण्याची प्रथा आहे. दुसऱ्या पद्धतीत कूलरच्या नळीला यंत्र जोडून जुने ऑइल बाहेर काढत त्याच वेळी नवे आत सोडले जाते. ती अधिक पूर्ण असली तरी ऑइल अधिक लागते, आणि सफाईसाठी आधी द्रावक रसायन सोडण्याचा आग्रह गॅरेजने धरल्यास त्यास नकार द्यावा, कारण ते रसायन पूर्णपणे बाहेर निघाल्याची खात्री देता येत नाही.

काम कोणत्याही पद्धतीने झाले, तरी काही नियम सारखेच राहतात. गाडी समतल रॅम्पवर असावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. ऑइल भरण्याचा बोल्ट आधी सैल होतो का हे पाहावे आणि मगच निचऱ्याचा बोल्ट उघडावा, कारण भरण्याचा बोल्ट गंजून अडकलेला असल्यास रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी रॅम्पवर खोळंबते. निघालेले ऑइल मापात घेऊन नोंदवावे. ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले, तर कोठेतरी गळती आहे. चेंबर उतरवण्याजोगे असल्यास त्यातील लोहचुंबक पाहावेत : त्यांवर बोटाला मऊ लागणारा करडा लेप दिसणे सामान्य आहे, मात्र टोचणारे धातूचे कपचे सापडले तर बिघाड ऑइलच्या पलीकडे गेला आहे. फिल्टर, गॅस्केट व बोल्टचे वॉशर नवे घालावेत आणि बोल्ट ठरवून दिलेल्या दाबाने टॉर्क पान्यानेच आवळावेत, कारण अॅल्युमिनियमच्या आवरणातील आटे सहज घासले जातात.

पातळी तपासणे हा या कामातील सर्वांत नाजूक टप्पा होय. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स तापलेला, इंजिन सुरू आणि लिव्हर पी मध्ये असताना पातळी पाहतात, तर होंडाच्या पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत पाहतात. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक नसतेच. तेथे स्कॅनरवर ऑइलचे तापमान पाहून ते पुस्तिकेतील पट्ट्यात असतानाच, बऱ्याचदा ४० अंशांच्या आगेमागे, पातळीचा बोल्ट इंजिन सुरू ठेवून उघडला जातो. बाहेर पडणारी धार बारीक होत थेंबांवर आली की पातळी बरोबर झाली असे समजून बोल्ट लावतात. तापल्यावर ऑइल फुगते. म्हणून तापमान न पाहता ठरवलेली पातळी चुकते. जास्त ऑइल फिरत्या चक्रांत घुसळून फेसाळते, कमी ऑइलमुळे पंप हवा ओढतो, आणि दोन्ही प्रसंगी दाब कोसळून क्लच घसरू लागतो. बदलानंतर ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थानावर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावा आणि निर्मात्याने सांगितले असल्यास नियंत्रण संगणकाची जुनी शिकवण स्कॅनरने पुसून नवी द्यावी.

एक प्रचलित समजूत आणि काढलेले ऑइल

जुन्या गाडीचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स बसतो, ही समजूत गॅरेजांत सर्रास ऐकू येते. तिच्यामागचे निरीक्षण खोटे नाही, कारण बहुतेक मालक ऑइल बदलतात ते क्लच घसरू लागल्यावर, आणि तेव्हा अस्तर आधीच संपलेले असते. मरण ऑइल बदलण्याआधीच ठरलेले असते. लाखभर किलोमीटर चाललेली परंतु सुरळीत गिअर बदलणारी गाडी असल्यास यंत्राने सफाई करण्याऐवजी निचरा करून भरण्याची सौम्य पद्धत टप्प्याटप्प्याने वापरावी. गाडी आधीच घसरत असल्यास ऑइलवर खर्च करण्यापूर्वी जाणकाराकडून गिअरबॉक्सचा दाब तपासून घ्यावा.

काढलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल, असे गॅरेज निवडावे.

बदलाच्या बिलावर ऑइलचे मानक, भरलेले लिटर आणि गाडीचे किलोमीटर या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पुढच्या मेकॅनिकसाठी आणि पुढच्या खरेदीदारासाठी तोच गिअरबॉक्सच्या प्रकृतीचा दाखला ठरतो. काम सुरू होण्यापूर्वी मालकाने पुस्तिकेतील पान मेकॅनिकसमोर ठेवावे आणि त्यावरील मानक डब्यावर छापलेले नसेल, तर तो डबा उघडू देऊ नये.